मंत्रीमहोदयांस खुले पत्र: आमच्या खापऱ्या तपासणार होतात ना?

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, नळासाठी खणलेल्या चरात जुन्या मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या सापडल्या होत्या. 'एक्स-रे तपासणी करून मूळ शोधू' असं सांगून सरकारी माणसांनी नेलेली ती गोणी परवा परत आली. सोबत अहवाल नाही, साधी चिठ्ठीही नाही. जमिनीतल्या खोलीप्रमाणे बांधलेल्या पुरचुंड्या उघडून सगळं एकत्र कालवलंय. वर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातलेत, तेही नेमके तुटलेल्या कडेवर! पांढऱ्या रंगात टायटॅनियम असतं. जिथे किरण सोडायचे तिथेच ते फासल्यावर यंत्र काय मोजणार, माती की रंग?

क्ष-किरण पडले की मातीतलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम यांच्या प्रमाणावरून माती कुठली, याचा माग लागतो. खापरी फोडावीही लागत नाही. पण ताडून बघायला इथल्या मातीचे नमुने हवेत. ते कुणी गोळा केलेत? डिचोलीचे कुंभार शेतातली माती आणतात, आणि शेतांवर तर भराव पडताहेत. ती माती गाडली गेली की खापरी इथली की गलबतातून आलेली, हे कोण सांगणार? दक्षिण गोव्यातल्या चांदोरला इतिहाससंशोधक फादर हेरासांनी १९२९ मध्ये उत्खनन केलं. शंभर वर्षं होत आली, साहेब, तरी मातीच्या नमुन्यांचा प्रश्न उभाच!

काम थांबवलं म्हणून आम्ही कंत्राटदाराच्या शिव्या खाल्ल्या. पाणी लांबलं म्हणून वाड्यावरचे शेजारी बोलेनासे झाले. सासूबाईंनी भर पावसात ताडपत्री धरून चर राखला आणि नंतर छातीत कफ धरून अंथरुणाला खिळल्या. कशासाठी? ऑइलपेंटसाठी?

यंत्र म्हणे २५-३० लाखांना मिळतं. महोत्सवाच्या एका मांडवाला याहून जास्त जात असतील. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगाव पठारावर विद्यापीठ आहे. त्यांना कुणी विचारलं तरी का? जमीन रूपांतराच्या फायली इथे वाऱ्यासारख्या पळतात. वारसा फक्त भाषणात. सरकारं बदलली, ही तऱ्हा बदलली नाही.

रंग जपून काढून द्या, खापऱ्या तपासा, कुंभारांच्या मातीचे नमुने याच वर्षी गोळा करा. कुठली खापरी किती खोलीवर मिळाली त्याची यादी, फोटोंसकट, माझ्याकडे आहे. पुढच्या वेळी तिच्यावर अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय गोणी भाटाबाहेर जाणार नाही.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक नागरिक