जिम अ‍ॅबट यांचे पराभवही सांगा

महोदय,

प्रेरणादायी व्याख्यानांत अमेरिकेचे बेसबॉल पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारे खेळाडू, जिम अ‍ॅबट यांचे नाव अधूनमधून येते. उजवा पंजा जन्मापासून नाही, तरी 4 सप्टेंबर 1993 रोजी न्यूयॉर्क यँकीजकडून खेळताना त्यांनी क्लीव्हलँडला अख्ख्या सामन्यात एकही हिट (फलंदाजाला बेस नावाच्या टप्प्यापर्यंत सुखरूप नेणारा फटका) मारू दिली नाही. गोष्ट तिथेच संपवली जाते, याचे मला वाईट वाटते.

त्यांचा खेळ जुन्या चित्रफितींत जरूर बघावा. ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवलेला. डाव्या हातातून चेंडू सुटला रे सुटला की तोच हात ग्लोव्हमध्ये! अंगावर आलेला चेंडू अडवला की ग्लोव्ह काखेत, चेंडू पुन्हा डाव्या हातात आणि थेट पहिल्या बेसकडे. सगळे पापणी लवायच्या आत. लहानपणी भिंतीवर चेंडू मारमारून त्यांनी हे कमावले.

बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय वा पराभव एका पिचरच्या नावावर लागतो. पण 1996 साली याच अ‍ॅबट यांच्या वाट्याला 2 विजय आणि 18 पराभव आले. पुढचे वर्ष ते खेळलेच नाहीत. 1998 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून परतले आणि 5 सामने जिंकले, एकही न हरता. 1999 मध्ये थांबले तेव्हा 87 विजय आणि 108 पराभव नावावर होते. हे आकडे झाकण्यात त्यांचा सन्मान नाही. मला तर ते परतीचे वर्ष त्या विक्रमी दुपारपेक्षा मोठे वाटते. मुलांपुढे त्यांचे नाव घेणाऱ्यांनी तेही सांगावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा