अक्षांश: आसाचा कल, पट्टीची रुंदी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बातम्यांत आणि पत्रकांत 'अक्षांक्ष' असे सर्रास छापले जाते. शब्द आहे अक्षांश: अक्ष अधिक अंश. अक्ष म्हणजे आस. गाडीची चाके ज्यावर फिरतात तो 'आस' याच घरातला. पृथ्वीचा आस उत्तर क्षितिजापासून जितके अंश उचललेला, तितके त्या गावाचे अक्षांश. म्हणूनच लातुरातून ध्रुवतारा जेमतेम 18 अंशांवर दिसतो. नकाशावरची आडवी रेघ म्हणजे अक्षवृत्त. अक्षांश हा कोन.

इंग्रजी 'लॅटिट्यूड'चे मूळ निराळे. लॅटिन 'लाटुस' म्हणजे रुंद. भूमध्य समुद्राभोवतीचे तेव्हाचे माहीत जग पूर्व-पश्चिम लांब होते, म्हणून दक्षिणोत्तर माप ती रुंदी. तिकडे रुंदीवरूनच मोकळीक हा अर्थ निघाला. अधिकाऱ्याला 'लॅटिट्यूड' दिले, तर मराठीत त्याला मुभा मिळते, अक्षांश नव्हे!

आपल्या ज्योतिषात अक्षांश सावलीवरून काढत. बारा अंगुळे उंच शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, विषुवदिनी (दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी) मध्यान्ही पडणारी सावली ती पलभा. लातूरची पलभा जवळजवळ नेमकी चार अंगुळे. शाळेत करायचे तर 60 सेंमी काठी सपाट जागी ओळंब्यात उभी करा. 21 मार्चला सावली 20 सेंमी भरेल. सावलीला काठीने भागले की अक्षांशाची स्पर्शज्या (टॅन्जंट) मिळते. फसगत होते ती घड्याळात. लातुरात सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा 21 मार्चला 12.31 झालेले असतात, 23 सप्टेंबरला 12.16. बाराच्या ठोक्याला मोजलेली सावली लांब भरते आणि गाव उत्तरेला सरकते. काठी किंचित कलली तरी तोच घोळ, म्हणून ओळंबा सोडू नये.

मोबाइलवरच्या आकड्यांतही चुका ठरलेल्या. 18 अंश 24 मिनिटे म्हणजे 18.40, मिनिटांना 60 ने भागायचे असते. 18.24 लिहिले की जागा सुमारे 18 किलोमीटर दक्षिणेला, औशाच्या बरोबरीला जाते. पंचनाम्यात चार दशांश स्थळे तरी घ्यावीत, म्हणजे चूक 11 मीटरच्या आत राहते. दोनच घेतली तर किलोमीटरभर वावर हुकते. आणि अक्षांश आधी, रेखांश नंतर. 18.40 आणि 76.58 यांची अदलाबदल झाली, तर लातूरचे सोयाबीन उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात उगवते.

— भूगोलाचे एक शिक्षक, लातूर