आधी भाषा, मग उपदेश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी दवाखान्यांत, शाळांत, निर्वासितांच्या छावण्यांत सेवेसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती गटांचे अहवाल मी आवडीने वाचतो. किती जणांना औषधे दिली, किती जणांनी सुवार्ता (येशूचा संदेश) ऐकली, प्रार्थनेच्या वेळी कितींनी हात वर केले, हे सगळे त्यात असते. ज्याच्या तोंडून ती सुवार्ता लोकांच्या कानी पडली, त्या दुभाष्याचा मात्र पत्ता नसतो.

मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानात कागोशिमाला उतरले, तेव्हा त्यांना जपानी येत नव्हती. मलाक्कात भेटलेला आणि गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी माणूस सोबत होता, म्हणून निभावले. बंगालमध्ये आलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांना बंगाली शिकवणाऱ्या रामराम बसूंनी ख्रिस्ती गीतेही रचली, पण स्वतः बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. केरींनी त्यांना १७९६ मध्ये कामावरून काढले, पण पुढे पुन्हा सोबत घेतले! १८०५च्या केरींच्या मराठी व्याकरणामागेही वैजनाथ पंडित होते. अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन १८१३ मध्ये बर्मातल्या रंगूनला पोहोचले. पहिला बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये. आजच्या एखाद्या संस्थेने त्यांना दुसऱ्याच वर्षी परत बोलावले असते. ते बर्मी शिकत राहिले आणि १८३४ मध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांनी हातावेगळे केले.

दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्यांनी जडसन व्हावे, असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. ज्याला भाषा येत नाही त्याला आपले म्हणणे दुभाष्याकरवी सांगता येते, पण समोरच्याचा नकार ऐकू येत नाही. खाटेवरचा रुग्ण मान डोलावतो, हसतो. ते पटल्याचे लक्षण की पाहुण्याचा मान राखणे? ‘तुमच्या देवाने माझे मूल का नेले?’ असे त्याने विचारले, तर तो संताप दुभाष्याच्या तोंडून बहुधा सौम्य होऊनच येतो. दुभाष्याचा पगार त्याच संस्थेकडून येत असेल, तर विचारायलाच नको. शिवाय उपचार हवे असलेला माणूस ‘तुमची प्रार्थना नको’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी २०११ मध्ये संयुक्त निवेदन काढून आमिषे दाखवणे आणि लोकांच्या गरजेचा फायदा घेणे नाकारले आहे. भाषा येत नसताना ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

म्हणून काही साध्या अपेक्षा आहेत. तपासणीच्या वेळचा दुभाषी त्याच बैठकीत उपदेशासाठी वापरू नये. उपदेश करायचाच असेल तर मजकूर त्याला आदल्या दिवशी द्यावा, आणि न पटणारे वाक्य गाळण्याची मुभाही. शक्य तिथे श्रद्धेची साक्ष स्थानिक चर्चमधल्या माणसानेच द्यावी. पाहुण्यांनी मागे बसावे, भांडी घासावीत. दीर्घकाळ राहणाऱ्यांना पहिले वर्षभर उपदेशातून सूट द्यावी आणि भाषेच्या शिकवणीचा खर्च संस्थेने उचलावा. या खर्चाला देणगीदार कुरकुरतात, कारण अहवालात दाखवायला त्यातून काही निघत नाही.

काही देशांत धर्मप्रसारावर कायद्याने बंदी आहे. तिथे पाहुणे विमानाने परततात आणि चौकशीला दुभाषी सापडतो. त्याला ही जोखीम पत्करायची आहे का, हे गट निघण्यापूर्वीच आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत विचारले जावे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक