घरगुती प्रार्थनेत वचन सांगताना

प्रिय सुधीर,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमच्या आळीतल्या घरगुती प्रार्थनेत आता दर पंधरवड्याला तू वचन सांगणार, हे वाचून फार आनंद झाला. बायबलमधल्या गोष्टींतून रोजच्या जगण्याचा बोध कसा घ्यायचा, असं तू विचारलंयस. माझं मत आधीच सांगतो. बोध मनात ठरवून मग त्याला आधार म्हणून वचन शोधू नकोस. उतारा शेवटपर्यंत वाचलास की बोध त्यातच सापडतो, आणि बहुतेक वेळा तो आपण गृहीत धरलेल्यापेक्षा वेगळा निघतो.

एलीया या संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचंच घे, १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय. या अध्यायावर बोलताना बहुतेक जण थेट ११व्या-१२व्या वचनाला जातात: वारा, भूमिकंप, अग्नी, मग शांत मंद वाणी. बोध ठरलेला, की शांत बसा, देव बोलेल. बोध वाईट नाही, पण आधीची दहा वचनं हातची जातात. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांपुढे उभा राहिलेला हा माणूस ईजबेल राणीचा जिवे मारण्याचा निरोप येताच जीव घेऊन पळतो. बैर-शेबात चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट एकटा रानात जातो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. इथे देव काय करतो ते बोट ठेवून वाच. तो रागावत नाही, उपदेशही करत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला सांगतो, कारण पुढचा पल्ला लांबचा आहे. "तू येथे काय करीत आहेस?" हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर.

या क्रमातच रोजचा बोध आहे. मंडळीतली एखादी बाई महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करतेय आणि "आता प्रार्थनाही होत नाही" म्हणते. तिला विश्वास कमी पडला असं सांगू नये. आधी चार दिवस डबा पोचवावा, कुणीतरी रात्री सासूजवळ थांबून तिला सलग झोपू द्यावं. बोलणं मग. आणि कुणी मरणाची भाषा बोललं, तर वचन सांगून घरी परतू नये. त्या माणसाजवळ थांबावं, घरच्यांना कळवावं, डॉक्टरकडे सोबत जावं.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा सुटते. मंद वाणीनंतर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच उत्तर देतो, शब्दन्‌शब्द तेच: मी एकटाच उरलो आहे. एवढा मोठा अनुभव येऊनही त्याचं मन जागचं हललेलं नाही. आता एक अध्याय मागे जा. १८:१३ मध्ये राजवाड्याचा कारभारी ओबद्याने त्याला स्वतः सांगितलंय की त्याने देवाचे शंभर संदेष्टे ईजबेलीपासून पन्नास-पन्नास करून गुहांमध्ये लपवून जगवलेत. म्हणजे आपण एकटे नाही हे एलीयाला ठाऊक होतं, पण थकलेल्या मनाला ते आठवलं नाही. देव वाद घालत नाही. त्याला कामं देतो, बआलापुढे न वाकलेल्या सात हजारांचा आकडा सांगतो आणि अलीशासारखा सोबती देतो. खचलेल्या माणसाशी युक्तिवाद करण्यापेक्षा त्याला झेपेल असं काम आणि सोबत देणं जास्त उपयोगी पडतं, हे इथून शिकता येतं. मागचा अध्याय न वाचणाऱ्याच्या हाती हे लागत नाही. म्हणून सांगतो, नेमलेल्या उताऱ्याच्या मागचा आणि पुढचा अध्याय वाचल्याशिवाय लिहायला बसू नकोस.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११चंही तसंच. "हिताचे संकल्प" हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं. पण ते इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला बंदी करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि १०वं वचन सत्तर वर्षं म्हणतं. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोनच वर्षांत परत नेण्याचं आश्वासन देतो, आणि ते खोटं असतं. यिर्मया सांगतो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नोकरीसाठी पुण्याला किंवा आखातात गेलेल्या आपल्या माणसाला यातून नेमकं सांगता येतं: "थोड्याच दिवसांसाठी आहे" म्हणत वर्षं काढू नकोस, शेजाऱ्यांची नावं माहीत करून घे, तिथल्या मंडळीत नाव नोंदव. नोकरी लवकर लागेल, बदली लवकर होईल, अशी हमी या वचनावरून कुणालाही देऊ नकोस. ते हनन्याचं काम झालं.

तयारीची माझी रीत सांगतो. उतारा तीनदा मोठ्याने वाच. मग कागदावर फक्त क्रियापदं उतरव: कोण काय करतो. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचं करून बघ, लूक १०:३३-३५. पाहिलं, कळवळला, जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, जास्त लागल्यास परत येताना देईन म्हणाला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. यादी पाहिलीस की कळतं, त्याने मदत केली, तिची जबाबदारी दुसऱ्यावर नीट सोपवली, पैशाची सोय केली आणि तो आपल्या कामालाही गेला. नुसतं "शेजाऱ्यावर प्रीती करा" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी हाती धरण्यासारखं आहे.

त्यानंतर तीन प्रश्न: यात देव कसा दिसतो? मी यातल्या कोणाच्या जागी आहे? येत्या आठवड्यात काय करायचं? मधला प्रश्न कठीण. आपण स्वतःला नेहमी दावीद समजतो, उधळ्या पुत्राच्या गोष्टीत परत आलेला धाकटा समजतो. पण वर्षानुवर्षं मंडळीत असलेल्यांनी लूक १५:२५ पासून धाकट्याच्या स्वागतावर रागावून दारात अडून उभ्या असलेल्या थोरल्या भावाच्या जागी उभं राहून बघायला हवं. गल्याथाशी लढायला दाविदाने उचललेल्या पाच गोट्यांना पाच सद्गुणांची नावं देऊ नकोस, उताऱ्यात ती नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला वार आणि काम जोड. "प्रेमाने वागू या" हे कुणीच करत नाही. "बुधवारपर्यंत एका आजाऱ्याच्या घरी डबा" हे होतं.

वेळ पंधरा मिनिटं धर: वाचनाला तीन, गोष्ट समजावायला पाच, बोधाला चार, शांतता आणि प्रार्थनेला तीन. गोष्टीतच दहा मिनिटं गेली की बोध घाईत उरकतो, तेव्हा घड्याळ समोर ठेव. आणि एक पथ्य कडक पाळ. ज्या घरात भांडण चाललंय हे सगळ्यांना माहीत आहे, त्या घरात बसून क्षमेवर बोलू नकोस. वचन खरं असलं तरी त्या माणसांना ते सगळ्यांदेखत मारल्यासारखं लागतं. तिथे एखादं स्तोत्र घे, आणि क्षमेचं नंतर त्यांच्याशी एकांतात बोल.

पहिल्या वेळेला १ राजे १९च घे असं सुचवतो. क्रियापदांची यादी केलीस की मला पाठव, आपण फोनवर बसून बघू.

वहिनींना सलाम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभाकर