पाणबुडीचं वय

नेरुळ, नवी मुंबई

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा प्रश्न अर्धाच राहिला. आईला मध्येच मेसच्या जेवणाची चौकशी करायची होती. अणुभट्टीतलं इंधन वर्षानुवर्षं पुरतं, मग पाणबुडी मोडीत का काढतात, असंच ना?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गाच्या अणुपाणबुड्यांत इंधन एकदाच भरतात, ते साधारण 33 वर्षं चालतं आणि बोटीचं आयुष्यही तेवढंच धरलेलं असतं. कारण प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब सोसणारं पोलादी कवच, थकतो. दर 10 मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. खाली गेलं की हल चहूबाजूंनी आवळला जातो, वर आलं की सुटतो. तार सारखी पुढे-मागे वाकवली की तुटते, तसंच. आणि चीर जाते ती बहुतेक वेल्डपाशी. माझगाव डॉकमध्ये 'शल्की' पाणबुडी बांधताना म्हणूनच आमच्या जोडांच्या एक्स-रे फिल्म निघायच्या. दिव्यासमोर धरलेल्या फिल्मवर केसाएवढी काळी रेघ दिसली, की ग्राइंड कर आणि परत मार. साहेबांपुढे हुज्जत चालत नसे.

इंधनाचा हिशेबही असतो म्हणा. 8 जानेवारी 2005 ला 'सॅन फ्रान्सिस्को' ही अणुपाणबुडी ग्वामजवळ भर वेगात समुद्राखालच्या डोंगरावर आदळली. नाकाडाचा चेंदामेंदा झाला, एक नौसैनिक गेला, पण प्रेशर हल टिकला. बोट 1981 ची, तरी इंधन नुकतंच नवं भरलेलं. 1985 ची 'होनोलुलू' मात्र इंधन संपत आल्यामुळे निवृत्तीला लागलेली. मग धाकटीचं नाक कापून थोरलीला जोडलं! त्या जोडाच्या फिल्म बघायला मला फार आवडलं असतं.

खरी कटकट निवृत्तीनंतरची. अमेरिकेत भट्टीचा अख्खा भाग कापून, दोन्ही तोंडं बंद करून हॅनफर्ड इथल्या अणुकचऱ्याच्या खंदकात नेऊन ठेवतात. ब्रिटनची अणुपाणबुडी 'ड्रेडनॉट' 17 वर्षं चालली. 1980 साली निवृत्त झाल्यावर स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या धक्क्याला चाळीसहून जास्त वर्षं नुसती पडून आहे. आपण 'चक्र' नावाच्या दोन्ही अणुपाणबुड्या रशियाकडून भाड्याने आणल्या, परत केल्या, त्यामुळे त्यांचा ताप रशियाच्याच गळ्यात.

पण 2024 मध्ये दोन अणुपाणबुड्या इथेच बांधायला मंजुरी मिळाली आहे. तुमच्या सरांना विचार, त्यांची भट्टी शेवटी कुठे ठेवायची याचा विचार डिझाइन करतानाच होतो का. उत्तर मिळालं की कळव.

तुझा,
बाबा