एक शनिवार तांबट लेनला द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

शाळेत शनिवारी नेहमीच्या अभ्यासाऐवजी उपक्रम घेण्याची 'आनंददायी शनिवार' ही कल्पना आम्हा हस्तकला शिक्षकांना मनापासून आवडली. मात्र सगळ्या राज्याला एकच उपक्रम नको. जुन्या नाशकातल्या मुलांच्या वाटेवर तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची तांबट लेन आणि भांडी बाजार आहे. त्यांचा शनिवार तिथूनच सुरू व्हावा.

नावाचा कागदावर ठसा घेण्यासाठी मुलांनी घरून नाव घातलेलं जुनं भांडं आणावं. चिंच लावून घासलेलं, पूर्ण कोरडं. ओल राहिली की कागद फाटतो. साधा पातळ कागद नावावर ताणून चिकटपट्टीने बसवायचा आणि मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा, हलक्या हाताने फिरवायचा. खडू उभा धरला की नुसत्या रेघा येतात. आडवा फिरला की ठिपक्याठिपक्यांतून पांढरी अक्षरं वर येतात: पणजीचं नाव, लग्नाची तारीख, 'यांजकडून'. झिजलेल्या अक्षरांना ६बी पेन्सिल बरी. घंगाळाच्या मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेल्या, पोटावर मोठा कागद चुरगळतो आणि ठसा दुहेरी उमटतो, म्हणून ८ सेंमी रुंदीच्या उभ्या पट्ट्या घ्याव्यात.

मग गल्लीच्या नावाची पाटी करायला ०.१ मिमी जाडीचा, १२ × १२ सेंमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. स्वयंपाकघरातली फॉइल चालत नाही, टोचताच फाटते. पत्र्याच्या कडा बोट कापतात. म्हणून कडा आधीच १ सेंमी आत दुमडाव्यात. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि हातात रिकामं बॉलपेन. ठिपके मागून उठवायचे असल्याने अक्षरं उलटी हवीत. कागदावर गल्लीचं नाव लिहून तो खिडकीच्या काचेवर पालथा धरावा आणि मागून गिरवावा. एकाच जागी वारंवार दाबलं तर धातू कडक होऊन चिरतो. ठोकून कडक झालेलं तांबं तांबट भट्टीत का तापवतात, हे मुलांना इथे हातानेच कळतं.

मंदिरांच्या दगडांवर मात्र ठसे घेऊ देऊ नका. झिजलेल्या दगडाचे पापुद्रे निघतात. काळाराम, सुंदरनारायण इथे फक्त चित्र काढावं.

आमच्या मागण्या तीन. साहित्याचा खर्च शाळेच्या हाती द्यावा. तांबट कारागीर आपलं काम बाजूला ठेवून येतो, त्याला दिवसाची मजुरी मिळावी. आणि याची स्पर्धा करू नये. क्रमांक लागणार म्हटलं की पत्र्यावर पालकांचीच अक्षरं उमटतात.

आपले,
नाशिकमधील हस्तकला शिक्षक