कोयत्यावर निघालेल्या गरोदर बायांसाठी टोळीमागे एक बीपी मशीन द्या

दसरा झाला की धारूर तालुक्यातल्या आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पार बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, म्हणून पाचवा-सहावा महिना लागलेली बाईही मागं राहू शकत नाही. गावात असती तर आशाताईंनी तिला सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदरपणाच्या तपासणीला नेलं असतं. फडात तिचं बीपी मोजणारं कुणी नसतं.

आणि मोजायची गरज याच महिन्यांत असते. २० आठवड्यांनंतर वाढलेलं बीपी पुष्कळदा जाणवतच नाही. १४०/९० झालं तरी बाई मोळ्या उचलत राहते. पायांवर सूज आली तर दिवसभर उभं राहिल्याची, डोकं दुखलं तर उन्हाचं, असं म्हणून सोडून देतात. मग डोळ्यांपुढं अंधारी येते, बरगडीखाली दुखतं आणि झटके सुरू झाले की आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट सरकारी दवाखान्यात आहे. पण तिथं वेळेत पोचायला आधी कळायला तर हवं!

म्हणून ग्रामपंचायत आणि गावातल्या बचत गटांनी ठरवलंय, प्रत्येक टोळीतल्या एका बाईला बीपी मोजायला शिकवायचं. पाच मिनिटं शांत बसवायचं, पट्टा उघड्या दंडाला बांधायचा, आकडा वहीत लिहायचा. १४०/९० किंवा वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना. १६०/११० दिसला तर लगेच १०८. बाळंतपणानंतरही सहा आठवडे मोजत राहायचं, कारण धोका तेव्हाही असतो.

यासाठी दंडाला बांधायची डिजिटल मशीन हवीत. मनगटाची नकोत, हात जरा खालीवर झाला की त्यांचा आकडा बदलतो. सोबत सेल आणि लघवीतली प्रथिनं तपासायच्या पट्ट्या द्या. वापरलेलं मशीन चालेल, दवाखान्यातल्या मशीनशी ताडून मगच पाठवू. गोळ्या मात्र कुणी देऊ नका, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. निवृत्त नर्सताईंनी शिकवायला दोन दुपारी दिल्या तर फार मोठं काम होईल.

मुकादमांना हात जोडून विनंती, तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नका. कारखाना भागातल्या गावकऱ्यांनो, तुमच्या शिवारात टोळी उतरली तर रात्री-अपरात्री गाडी देणाऱ्या एका माणसाचा नंबर तिथल्या बायांकडे देऊन ठेवा.

मदत ग्रामपंचायत कार्यालयात स्वीकारली जाईल, पावती मिळेल. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, त्याआधी शिकवणं पूर्ण व्हायला हवं, म्हणून मशीन घटस्थापनेपर्यंत पोचवा.